लेकराच्या जीव्हीएचडीला फोटोफेरेसिस : १७ किलोच्या पोराला झेपेल का?

परभणी जिल्ह्यातल्या एका वडिलांचा प्रश्न आलाय. मुलगा ८ वर्षांचा, वजन १७ किलो, थॅलेसेमिया मेजर. ७ महिन्यांमागं मोठ्या बहिणीचा बोन मॅरो घेऊन ट्रान्सप्लांट झालं, मॅरो लागला, रक्त चढवायचं बंद झालं. मग हळूहळू अंगावर काळपट चट्टे आले, हाताची कातडी ताठ झाली, तोंडात फोड, जेवायला बसलं की रडतो. डॉक्टरांनी क्रॉनिक जीव्हीएचडी सांगितला, म्हणजे दात्याच्या पेशी पेशंटच्याच शरीरावर हल्ला करतात तो आजार, लांबलेला प्रकार, दोन महिने स्टेरॉइड चालू आहे पण डोस कमी केला की सगळं परत उसळतं. मधे एकदा सीएमव्ही नावाच्या व्हायरसचं इन्फेक्शनही होऊन गेलं. आता डॉक्टर फोटोफेरेसिस करू म्हणतात. दादा विचारतात की रक्त बाहेर काढून त्याला लाइट देणार म्हणजे नेमकं काय करणार, एवढ्याशा लेकराला ते झेपल का, बहिणीला परत सुया टोचायच्या का, आणि लाइटच द्यायचा असल तर आपल्याकडं ऊन काय कमी आहे का.

दादा, उन्हाचं आधी सांगतो कारण त्यात धोका आहे. लेकराला उन्हात बसवू नका, अजिबात नाही. या आजारात ऊन कातडीवर पडलं की जीव्हीएचडी भडकतो, चट्टे वाढतात. फोटोफेरेसिसमधला लाइट लेकराच्या अंगावर पडतच नाही, तो मशिनमधल्या पिशवीतल्या पेशींवर पडतो, लेकरू बाजूला पलंगावर मोबाइल बघत पडलेलं असतं. काविळीच्या तान्ह्या बाळाला निळ्या लाइटखाली ठेवतात तो प्रकारही वेगळा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. आणि कुणी गावाकडचं माणूस बावची लावा म्हणालं तर तेही करू नका. आपल्या काळ्या रानात बांधावर बावची उगवते, कोडावर तिचा वापर जुना आहे, तिच्यात सोरालेन असतं आणि या ट्रीटमेंटमधलं औषधही त्याच कुळातलं आहे, इथपर्यंत खरं. पण सोरालेन कातडीवर लावून ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात, आणि पोटात घेतली तर लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. तुमच्या लेकराची कातडी आणि लिव्हर दोन्ही आधीच नाजूक आहेत.

आता होतं काय ते सांगतो. बहिणीच्या मॅरोतून ज्या पांढऱ्या पेशी आल्या त्यातल्या टी पेशी भावाच्या शरीराला परकं समजून त्याच्यावर हल्ला करतायत, म्हणून कातडी, तोंड, डोळे, लिव्हर, कधी फुप्फुस यांना इजा होते. एचएलए, म्हणजे ट्रान्सप्लांटच्या आधी दोघांचं जुळवून बघतात ती पेशींवरची ओळखखूण, पूर्ण जुळलेलं असलं तरी हे होऊ शकतं कारण एचएलए सोडून बाकीचे बारीक फरक सख्ख्या भावंडांतसुद्धा असतातच. हे मुद्दाम लिहितोय कारण अशा वेळी घरात नातेवाईक बोलून जातात की पोरीचं रक्तच जमलं नाही, आणि ती पोरगी ऐकत असते. तिनं दिलेल्या मॅरोनंच भावाचं रक्त चढवायचं थांबलंय, हे तिला तुम्ही स्वतः बसवून सांगा. फोटोफेरेसिसला तिच्याकडून काहीच लागत नाही, रक्त तुमच्या मुलाचंच घेतात आणि त्यालाच परत देतात.

प्रोसिजर अशी की लाइनमधून म्हणजे शिरेत घातलेल्या नळीतून रक्त मशिनमध्ये जातं, मशीन ते गरगर फिरवतं, आणि दूध तापवल्यावर साय वर येते तसा पांढऱ्या पेशींचा एक पातळ थर वेगळा होतो. तेवढा थर पिशवीत घेतात, लाल पेशी आणि प्लाझ्मा लेकराला परत जातं. पिशवीत ८-मेथॉक्सीसोरालेन नावाचं औषध टाकतात आणि तिच्यावर यूव्हीए म्हणजे ३२० ते ४०० नॅनोमीटरचा प्रकाश सोडतात, डोस साधारण दीड ते दोन ज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर. ते औषध पेशीच्या डीएनएमध्ये जाऊन बसलेलं असतं, प्रकाश पडला की डीएनएच्या दोन्ही धाग्यांना घट्ट बांधून टाकतं आणि ती पेशी पुढच्या एकदोन दिवसांत आपोआप मरते. मग ती पिशवी लेकराला परत चढवतात. सगळं मिळून दोन ते चार तास.

इथं हुशार पालक लगेच विचारतात की एका वेळेला अंगातल्या सगळ्या पेशी थोड्याच मशिनमध्ये येणार, मग फायदा कसा? बरोबर आहे, एका सेशनमध्ये अंगातल्या लिम्फोसाइट्सपैकी ५ ते १० टक्क्यांच्या आसपासच येतात. म्हणजे हल्ला करणाऱ्या पेशी मारून संपवायच्या असा हिशोबच नाही हा. त्या मरायला लागलेल्या पेशी शरीरात परत गेल्यावर दुसऱ्या पेशी त्यांना गिळतात, आणि अशा शांतपणे मरणाऱ्या पेशी गिळल्या की इम्यून सिस्टीमला गप्प राहण्याचा निरोप जातो, रेग्युलेटरी टी पेशी म्हणजे आवर घालणाऱ्या पेशी वाढतात. ही हळू चालणारी गोष्ट आहे. म्हणून दोन सेशन झाले, फरक नाही, बंद करा असं इथं चालत नाही.

येल विद्यापीठाच्या रिचर्ड एडेलसन यांच्या टीमनं १९८७ मध्ये कातडीच्या टी-सेल लिम्फोमासाठी हे छापलं, पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्या आजारासाठी मान्यता मिळाली, जीव्हीएचडीत वापर नंतर सुरू झाला. तेव्हा औषध तोंडानं द्यायचे आणि पेशंटला उलट्या व्हायच्या. आता ते थेट पिशवीत टाकतात म्हणून अंगात फार थोडं जातं, लहान मुलांच्या दृष्टीनं ही मोठी सोय झाली.

आता खरा मुद्दा, १७ किलो.

लहान मुलाच्या अंगात किलोमागं ७० ते ७५ मिली रक्त धरतात, म्हणजे तुमच्या मुलाच्या अंगात साधारण सव्वा लिटर. एका वेळी त्यातलं १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त अंगाबाहेर असू नये असा आमचा नियम, म्हणजे १२५ ते १८० मिलीच्या वर नको. आणि मशिनची नळ्या-वाटी भरायलाच साधारण दोनशे मिलीच्या आसपास लागतात, काही मशिनला त्याहून जास्त. म्हणजे थेट जोडलं तर लेकराचा बीपी पडणार, चक्कर येणार. यावर उपाय आहे आणि तो रोजच्या कामातला आहे, त्याला ब्लड प्राइम म्हणतात, लेकराला जोडायच्या आधी मशिनच्या नळ्या ब्लड बँकेतल्या लाल पेशींनी भरून ठेवायच्या म्हणजे सुरुवातीलाच लेकराचं रक्त कमी पडत नाही. शेवटी ते सगळं रक्त परत द्यायचं नसतं, नाहीतर अंगात पाणी-रक्त जास्त होतं, हे करणारा माणूस हिशोबी पाहिजे. ते रक्त इरॅडिएटेड म्हणजे रेडिएशन दिलेलं आणि फिल्टर म्हणजे पांढऱ्या पेशी गाळून काढलेलं असावं लागतं. बहिणीचा आणि भावाचा ब्लड ग्रुप वेगळा असल तर आता मुलाचा ग्रुप बदललेला असू शकतो, त्यामुळं दोघांचे ग्रुप आणि ट्रान्सप्लांटची तारीख लिहिलेला कागद फाइलच्या पहिल्या पानावर लावा, ब्लड बँकेला दरवेळी दाखवा, जुन्या थॅलेसेमिया डेकेअरच्या कार्डवरचा ग्रुप सांगत बसू नका.

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा की तुमच्याकडं २० किलोच्या आतल्या मुलांचं अफेरेसिस, म्हणजे मशिननं रक्तातल्या पेशी वेगळ्या काढणं, नेहमी होतं का, आणि प्राइम कशानं करता. जी टीम लहान मुलांच्या स्टेम सेल मशिनवर काढते तिला हे जमतं. दोन प्रकारच्या मशिनी असतात, एकात सगळं बंद सर्किटमध्ये होतं, दुसऱ्यात पेशी एका मशिनवर काढून पिशवी वेगळ्या लाइटच्या यंत्रात ठेवतात. आपल्याकडं दुसरी पद्धतही बरीच चालते, लहान मुलांना तीही सोयीची आहे, तिला दुय्यम समजू नका. फक्त तिथं पिशवी सर्किटपासून सुटते, त्यामुळं स्वच्छता आणि पिशवीवरचं नाव-नंबर डोळ्यात तेल घालून बघावं लागतं.

दुसरी अडचण लाइनची, आणि माझ्या अनुभवात लहान मुलांचं फोटोफेरेसिस अडतं ते लाइटवर नाही, लाइनवर. मशीन जोरात रक्त ओढतं. ट्रान्सप्लांटच्या वेळची मऊ हिकमन लाइन म्हणजे छातीतून घातलेली नळी असल तर ती ओढल्यावर चपटी होते आणि मशीन सारखं अलार्म देतं. थॅलेसेमियाच्या लेकरांच्या हाताच्या शिरा तर वर्षानुवर्षे रक्त चढवून चढवून गेलेल्या असतात. त्यामुळं बहुतेक वेळा मानेजवळ डायलिसिसला वापरतात तसला जाड दोन तोंडांचा कॅथेटर घालावा लागतो, भूल देऊन. एकदा तो बसला की दरवेळी सुई नाही, पण तो इन्फेक्शनचं दार पण आहे. ड्रेसिंग ओलं होऊ द्यायचं नाही, आंघोळ पुसून, विहिरीत-कॅनॉलवर पोहणं बंद. लाइन फ्लश केल्यावर थंडी वाजून ताप आला तर ती इमर्जन्सी आहे. ताप ३८ सेल्सिअसच्या (१००.४ फॅरनहाइटच्या) वर गेला की गावातल्या डॉक्टरकडं सलाइन-पॅरासिटामॉल लावून सकाळची वाट बघायची नाही, ट्रान्सप्लांट टीमला फोन लावायचा आणि जवळच्या मोठ्या दवाखान्यात तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला पाहिजे. परभणी किंवा संभाजीनगरमध्ये असा एक बालरोगतज्ज्ञ आधीच गाठून ठेवा, ज्याला तुमच्या टीमचं पत्र दिलेलं आहे. रात्री दोन वाजता नव्या डॉक्टरला जीव्हीएचडी समजावत बसायची वेळ येऊ देऊ नका.

सेशनच्या दिवशीच्या काही गोष्टी कुणी नीट सांगत नाही म्हणून सांगतो. आदल्या दिवसापासून तळण, तूप, शेंगदाण्याची चटणी, मटणाचा रस्सा बंद. पथ्य म्हणून नाही, रक्तात चरबी जास्त असली की प्लाझ्मा दुधाळ होतो, मशिनला थर ओळखता येत नाही आणि प्रकाश पेशींपर्यंत नीट पोचत नाही. पाणी, पातळ वरण, मऊ भात, दुधात कुस्करलेली भाकरी तोंडाला झोंबत नसल तर द्या, आणि पाणी भरपूर पाजा म्हणजे लाइन चांगली चालते. बरं, रक्त गोठू नये म्हणून मशिनमध्ये सायट्रेट किंवा हेपॅरिन टाकतात. सायट्रेटनं रक्तातलं कॅल्शियम तात्पुरतं घसरतं, मोठी माणसं ओठाला मुंग्या येतात असं सांगतात, लेकरू तसं सांगत नाही, ते चिडचिड करतं, पोट दुखतं म्हणतं, उलटी करतं, एकदम गप्प होतं. तुम्ही शेजारी बसलेले असता, असं काही दिसलं की लगेच सिस्टरला सांगा, मशीन हळू करून कॅल्शियम दिलं की पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं. प्लेटलेट २० हजारांच्या खाली असतील तर त्या दिवशी बहुतेक ठिकाणी आधी प्लेटलेट देतात किंवा सेशन पुढं ढकलतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

सेशननंतर २४ तास कातडी आणि डोळे उन्हापासून सांभाळायचे, कारण औषधाचा थोडा अंश अंगात असतोच. डोळ्यांना यूव्हीए अडवणारा, बाजूनं झाकलेला चष्मा पाहिजे, चष्म्याच्या दुकानातून खात्री करून घ्या, जत्रेतला काळा गॉगल नको कारण काळ्या काचेमागं बाहुली मोठी होते आणि फिल्टर नसल तर उलट जास्त यूव्हीए डोळ्यात जातो. अजून एक, खिडकीच्या साध्या काचेतून यूव्हीए बराचसा आत येतो. म्हणजे गाडीत काच लावून बसलो म्हणजे झालं असं नाही, पडदा लावा, अंगभर सुती कपडे, टोपी. मुंबईला ट्रीटमेंट असल तर रात्रीची देवगिरी पकडणं मला बरं वाटतं, उन्हाचा प्रश्नच राहत नाही, फक्त रिझर्व्हेशन पाहिजे आणि लेकराला मास्क. आणि बुरशीसाठी व्होरिकोनॅझोल चालू असल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण ते औषध स्वतःच कातडीला उन्हासाठी हळवं करतं, टीमला आठवण करून द्या, पर्यायी औषध बसतं का ते त्यांना बघू द्या.

क्रॉनिक जीव्हीएचडीत साधारण लागोपाठ दोन दिवस दोन सेशन म्हणजे एक सायकल, अशी सायकल सुरुवातीला दर आठवड्याला किंवा पंधरा दिवसाला, आणि फरक दिसला की महिन्याला. परिणाम तीन महिन्यांनी तोलतात. अ‍ॅक्यूट म्हणजे एकदम जोरात उठणाऱ्या प्रकारात घाई असते, आठवड्याला दोन-तीन सेशन करतात आणि निकालही लवकर बघतात, पण तुमचं प्रकरण ते नाही. कातडी आणि तोंड यांत प्रतिसाद सगळ्यात चांगला, निम्म्याहून जास्त मुलांमध्ये सुधारणा दिसते, आतडं आणि लिव्हर यांत थोडा कमी. फुप्फुसात आजार गेला असल तर घसरण थांबणं हेच यश धरायचं.

पण तीन महिन्यांनी काय बघायचं? सगळे कातडीच बघतात, आणि ताठ झालेली कातडी सगळ्यात उशिरा सैल होते, मग घरचे निराश होतात, आणि अगदी फायदा सुरू झालेला असताना ट्रीटमेंट सोडून गावी निघून जातात. मी पालकांना सांगतो, स्टेरॉइडचा डोस बघा. समजा डिसेंबरात २० मिलिग्रॅमच्या खाली उतरलं की उसळायचं आणि मार्चमध्ये ८ वर शांत आहे, तर फोटोफेरेसिस काम करतंय, चट्टे तसेच दिसत असले तरी. या ट्रीटमेंटचा लेकराला सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. स्टेरॉइडनं उंची थांबते, हाडं ठिसूळ होतात, शुगर वाढते, आणि बुरशी-व्हायरसला रान मोकळं मिळतं. ट्रान्सप्लांटनंतर या मुलांना जीव्हीएचडीइतकाच धोका त्याच्यावरच्या औषधांमुळं होणाऱ्या इन्फेक्शनचा असतो. फोटोफेरेसिस इम्युनिटी सरसकट दाबत नाही. ब्लड कॅन्सरच्या मुलांत याचा आणखी एक अर्थ असतो, तिथं दात्याच्या पेशी उरलेल्या कॅन्सरवरही काम करत असतात आणि तो फायदा जाऊ द्यायचा नसतो. थॅलेसेमियात तसलं काही कमवायचं नाही, जीव्हीएचडीचा आपल्याला दमडीचाही उपयोग नाही, तो जितका लवकर कमी औषधात शांत होईल तितकं चांगलं.

म्हणून एक वही घाला. दर रविवारी वजन, स्टेरॉइड किती मिलिग्रॅम, तोंडात किती फोड, काय खाल्लं. एकाच जागी एकाच उजेडात हाताचा फोटो. आणि लेकराला नमस्कार करायला लावा, दोन्ही तळवे पूर्ण टेकतात का की मधे फट राहते, तसंच उकिडवं बसता येतं का. हे साधं वाटतं पण कातडीखालचं आवरण आखडतंय का ते यातून रिपोर्टाच्या आधी कळतं, आणि आम्ही ओपीडीत हेच बघतो. फिजिओथेरपी चालू ठेवा, सांधे एकदा आखडले की फोटोफेरेसिस ते मागं आणू शकत नाही.

गोळ्यांचं पण बोलू, कारण रुक्सोलिटिनिबबद्दल तुम्हाला कुणीतरी सांगणारच. अमेरिकेत १२ वर्षांवरच्या मुलांसाठी अ‍ॅक्यूटला २०१९ मध्ये आणि क्रॉनिकला २०२१ मध्ये मान्यता मिळाली, लहान मुलांतही डॉक्टर विचार करून वापरतात, आणि औषध चांगलं आहे. पण प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी उतरतात, सीएमव्हीसारखे व्हायरस उठतात. तुमच्या मुलाला एकदा सीएमव्ही होऊन गेलाय, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी आधी फोटोफेरेसिस म्हटलं ते मला पटतं. लाइन घालणं शक्यच नसतं किंवा महिनोन् महिने शहरात राहणं जमणारच नसतं तर मीसुद्धा गोळीनं सुरुवात करा म्हणालो असतो, दोन्ही एकत्रही देतात. एक मात्र पक्कं, फोटोफेरेसिस सुरू झालं म्हणून स्वतःच्या मनानं स्टेरॉइड किंवा सायक्लोस्पोरिन (इम्युनिटी दाबायचं दुसरं औषध) चालू असल तर ते बंद करायचं नाही. कमी करणं टीमच्या हातात, आठवड्या-आठवड्यानं.

खर्चाचं असं करा की एका सेशनचा भाव विचारू नका, तीन महिन्यांचं लेखी एस्टिमेट मागा, त्यात किट, कॅथेटर, प्राइमचं रक्त, तपासण्या सगळं धरून. ते घेऊन हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करकडं आणि फुले योजनेच्या आरोग्यमित्राकडं जा, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज त्याच एस्टिमेटवर होतो. थॅलेसेमिया २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, सर्टिफिकेट काढलेलं असल तर सोबत ठेवा. रेल्वेतही थॅलेसेमियाच्या पेशंटला उपचारासाठी सवलत आहे, फॉर्म हॉस्पिटलकडून भरून घ्या. पैसे दीड महिन्याचेच जमत असतील तर सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना तसं सांगा, लाजू नका, अर्धवट सोडण्यापेक्षा मग वेगळा मार्ग ठरवता येतो.

राहायची खोली हॉस्पिटलजवळ घ्या पण बांधकाम चालू असलेल्या गल्लीत नको, धुळीतून बुरशीचे बीजाणू येतात. मधल्या दिवसांत गावी आलात तर सोयाबीनची मळणी, पऱ्हाटी उपटणं, कडब्याची गंज, जनावरांचा गोठा यांपासून लेकरू लांब. पाणी टँकरचं असो की बोअरचं, उकळूनच. शाळेचं एवढ्यात नको, पण बहिणीला त्याच्याजवळ बसून अभ्यास घेऊ द्या, फक्त तिला सर्दी-खोकला असल तेव्हा नाही.

पुढच्या भेटीत या चार गोष्टी विचारून या: लाइन कुठली घालणार, प्राइम कशानं, सध्या स्टेरॉइड किलोमागं किती मिलिग्रॅम चालू आहे, आणि तीन महिन्यांनी ते कितीवर आलेलं तुम्हाला अपेक्षित आहे. उत्तरं आणि गेल्या महिन्याचे सीबीसी, लिव्हरचे रिपोर्ट इथं लिहा, नावं आणि नंबर झाकून. मग वजनाच्या हिशोबानं अजून नेमकं सांगता येईल.